उगवतीचा अर्धा तास: एका धूमकेतूच्या शोधाचं प्रकरण

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आम्ही चौघे एका धूमकेतूच्या शोधात पाच दिवसांत चार पहाटा घराबाहेर पडलो. पहिल्या तीन पहाटा हाती काही लागलं नाही, चौथ्या पहाटे धूमकेतू दिसला, असं आमच्या निरीक्षणाच्या वहीत लिहिलेलं आहे. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं नाही, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं. ते कसं घडलं, हे इथे जसंच्या तसं मांडतो आहे. पहाटेचा धूमकेतू हुकला की आपण ढगांना आणि धुरक्याला बोल लावून मोकळे होतो. आमच्या बाबतीत ढगांचा दोष फक्त एका पहाटेपुरता होता.

आमच्यात सर्वांत अनुभवी काका. आकाश बघण्यात त्यांची हयात गेली आहे. त्यांच्या खालोखाल मी. वेळ, दिशा आणि जागा ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. आम्हा दोघांकडे १० गुणिले ५० च्या द्विनेत्री होत्या, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या आणि ५० मिलिमीटर भिंगांच्या. तिसरा एक कॉलेजात शिकणारा मुलगा, त्याच्याकडे कॅमेरा आणि तिपाई. चौथ्या ताई. त्या त्याच वर्षी आमच्यात आल्या होत्या. तारे ओळखायला त्यांना अजून नकाशा लागायचा, हातात ७ गुणिले ५० ची जुनी द्विनेत्री असायची, आणि जे दिसेल त्याचं पेन्सिलीनं चित्र काढून ठेवायची त्यांना सवय होती.

पाहुणा

धूमकेतू होता सी/२०२३ ए३, त्सुचिनशान-ॲटलास. ९ जानेवारी २०२३ ला चीनमधल्या पर्पल माउंटन वेधशाळेनं तो टिपला. त्सुचिनशान हे त्याच डोंगराचं चिनी नाव. २२ फेब्रुवारीला दक्षिण आफ्रिकेतल्या ॲटलास प्रकल्पाच्या दुर्बिणीलाही तो स्वतंत्रपणे सापडला, म्हणून जोडनाव. ‘ए’ म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा आणि ३ म्हणजे त्या पंधरवड्यातला तिसरा. सुरुवातीचं ‘सी’ सांगतं की हा ठरावीक काही वर्षांनी परत येणाऱ्यांपैकी नाही.

२७ सप्टेंबर २०२४ ला तो सूर्याच्या सर्वांत जवळ पोचणार होता, ०.३९ खगोलीय एककावर (एक एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर). बुध सूर्यापासून सरासरी जेवढा दूर असतो जवळपास तेवढंच हे अंतर. तिथवर तो टिकेल का, हीच शंका होती. जुलैमध्ये झ्देनेक सेकानिना या ज्येष्ठ धूमकेतू-अभ्यासकानं तो फुटून विखुरणार असं भाकीत मांडलं होतं. २०१३ मध्ये आयसॉन धूमकेतू सूर्याजवळ कसा विखुरून गेला ते काकांना आणि मला चांगलं आठवत होतं, त्यामुळे आम्ही दोघंही जरा हात राखूनच होतो. पण सप्टेंबर संपत आला तरी हा शाबूत होता, उजळत होता, आणि जगभरातून त्याची छायाचित्रं येऊ लागली होती. मग मात्र घरात बसवेना.

हाताशी असलेला वेळ

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण या हिशेबावर उभं आहे.

त्या आठवड्यात आकाशात धूमकेतू आणि सूर्य यांच्यात २१ ते २३ अंशांचं अंतर होतं. हात लांब करून अंगठा आणि करंगळी ताणली की जेवढं आकाश झाकलं जातं, साधारण तेवढं. उत्तर गोलार्धातल्या कमी अक्षांशावरच्या आमच्या जागेवरून बघता तो सूर्योदयाआधी ८० ते ८५ मिनिटं उगवत होता. आता दुसरी बाजू. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की खगोलीय संधिप्रकाश सुरू होतो, आणि कमी अक्षांशावर तो क्षण सूर्योदयाच्या साधारण ७५ मिनिटं आधी येतो. थोडक्यात, धूमकेतू क्षितिजावर डोकं काढतो न काढतो तोच पूर्व उजळायला लागणार. काळंकुट्ट आकाश त्याच्या वाट्याला नव्हतंच.

त्यात हवेचा अडसर. डोक्यावरच्या ताऱ्याचा उजेड हवेचा एक थर पार करून येतो असं धरलं, तर क्षितिजापासून १० अंशांवरच्या ताऱ्याला तसे साडेपाच थर पार करावे लागतात आणि ५ अंशांवरच्याला दहा. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद. स्वच्छ हवेतसुद्धा एक थर पाव प्रतीएवढा उजेड खातो. म्हणजे ५ अंशांवर अडीच प्रतींची घट, आणि अडीच प्रती म्हणजे दहापट. त्या दिवसांत धूमकेतूची प्रत दोन ते तीनच्या दरम्यान सांगितली जात होती. सप्तर्षीतले ठळक तारे दुसऱ्या प्रतीचे, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं की हा तसाच ठसठशीत दिसणार. पण क्षितिजालगत त्याचा दहावा हिस्साच उजेड आपल्यापर्यंत पोचतो. शिवाय ताऱ्याचा सगळा उजेड एका बिंदूत असतो, धूमकेतूचा मात्र शीर्षावर आणि शेपटीवर पसरलेला. प्रतीचा आकडा हा त्या सगळ्या पसाऱ्याची बेरीज असते.

तर एका बाजूनं तो वर चढतो तसा हवेतून सुटत जातो, दुसऱ्या बाजूनं त्याच्यामागचं आकाश उजळत जातं. या दोन्हींच्या मध्ये एक अर्धा तास सापडतो, सूर्योदयाआधी साधारण ६० मिनिटांपासून ३० मिनिटांपर्यंतचा. त्याच्या आधी तो हवेत बुडालेला, नंतर उजेडात.

हे सगळं मला २७ तारखेच्या आधी ठाऊक होतं का? तुकड्या-तुकड्यांत होतं. एका कागदावर एकत्र मांडलेलं नव्हतं.

२७ सप्टेंबर

पहिल्या पहाटे आम्ही एका उंच गच्चीवर गेलो. सूर्योदयाच्या दोन तास आधी पोचलो, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि काकांना त्यात तडजोड चालत नाही. टॉर्चवर लाल कागद, मोबाइलच्या पडद्याचा उजेड अगदी कमी. द्विनेत्री आधी एका ठळक ताऱ्यावर रोखून फोकस पक्का केला. हा साधा उपचार पुष्कळ जण विसरतात. फोकस जराही हललेला असला तर पुसट वस्तू आकाशात विरघळून जाते.

सूर्योदयाआधी ८० मिनिटांपासून आम्ही पूर्व क्षितिज विंचरायला सुरुवात केली. अर्धा तास विंचरलं. काहीच नाही. पूर्वेला फिकट उजेड दिसू लागला तसे काका म्हणाले, “आता तांबडं फुटायला लागलं. गेला तो आजचा.” मलाही पटलं. तेजोमेघ, दीर्घिका, फिके तारकागुच्छ बघणाऱ्याच्या अंगात हे भिनलेलं असतं की उजाडलं की सामान आवरायचं. सूर्योदयाला ५० मिनिटं असताना आम्ही द्विनेत्रींवर झाकणं लावली.

जिना उतरताना मुलानं सहज मूठ धरून समोरची इमारत मोजली. हात सरळ लांब केला की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. पूर्वेकडची ती इमारत आणि तिच्या शेजारची झाडं जवळजवळ मूठभर उंच होती, म्हणजे ९ अंश. अंधारात ती आम्हाला आकाशाचाच काळा भाग वाटली होती. आम्ही अर्धा तास जिथे शोधत होतो, तिथे निम्मा वेळ भिंत होती.

हिशेब नंतर केला. त्या पहाटे धूमकेतू ९ अंशांवर पोचला तो सूर्योदयाआधी ४६ मिनिटांच्या सुमारास. आम्ही आवरलं त्यानंतर चार मिनिटांनी.

२८ सप्टेंबर

जागा बदलली. पूर्वेला उतार असलेला एक मोकळा माळ सापडला, तिथे क्षितिज दोन अंशांपर्यंत उघडं होतं. पण ती पहाट ढगांची निघाली. पूर्वेला आडवा, जाड पट्टा.

तरीही या पहाटेची एक गोष्ट पुढच्यासाठी महत्त्वाची ठरली. सूर्योदयाला वीसेक मिनिटं असताना ढगांच्या एका फटीत मला तिरकी, चकचकीत रेघ दिसली, खाली टोकाशी अधिक उजळ, वर फिकट होत गेलेली. मी ओरडलो. मुलानं कॅमेरा वळवला, काकांनी चौघा-पाच जणांना फोन लावून उठवलं. चार मिनिटांत ती रेघ ताऱ्यांच्या चालीला न शोभेल इतकी सरकली. विमानाच्या मागे राहणारा वाफेचा पट्टा होता तो. जमिनीवर सूर्य उगवण्याआधीच दहा किलोमीटर उंचीवर ऊन पोचलेलं असतं, त्यामुळे पहाटेच्या आकाशात असे पट्टे तेजाळून दिसतात आणि धूमकेतूचं सोंग हुबेहूब वठवतात. झोपेतून उठवलेल्या माणसांना पुन्हा फोन करून सांगावं लागलं. काकांना ते फार लागलं. परतताना ते म्हणाले, “उद्यापासून खात्री झाल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही.”

शिस्त म्हणून हे योग्यच वाटलं. पण त्या वाक्यात आमच्या पुढच्या चुकीचं बी होतं.

२९ सप्टेंबर

आकाश मोकळं होतं. माळ तोच. वेळेची चूक सुधारली होती, सूर्योदयाआधी २५ मिनिटांपर्यंत थांबायचं ठरलं होतं. त्यानंतर मात्र नाही. काकांनी घड्याळात गजर लावला होता, कारण सूर्य वर येण्याच्या बेतात असताना त्या बाजूला द्विनेत्री रोखणं म्हणजे डोळे गमावणं.

दिशा मी ठरवली. धूमकेतू नेमक्या पूर्वेच्या जरा उजवीकडे, दक्षिणेला ८ ते १० अंशांवर असणार होता. मी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं, फोन गाडीच्या बॉनेटवर सपाट ठेवला, बाण पाहिला आणि दूरच्या एका एकट्या झाडाकडे बोट केलं. “त्या झाडाच्या वर.” सगळ्यांनी मान डोलावली. गाडीचं लोखंड चुंबकसूचीला खेचतं, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. मला त्या क्षणी ते सुचलं नाही. ते झाड पूर्वेच्या उजवीकडे नव्हतंच; डावीकडे, उत्तरेकडे १० ते १२ अंश सरकलेलं होतं. म्हणजे खऱ्या जागेपासून आम्ही जवळजवळ २० अंश बाजूला शोधत होतो. १० गुणिले ५० च्या द्विनेत्रीत एका वेळी साडेसहा अंशांच्या आसपास आकाश मावतं. झाडाच्या दोन्ही बाजूंना एकेक क्षेत्र विंचरलं तरी धूमकेतू आमच्या पट्ट्याबाहेरच राहत होता.

काका आणि मी झाडावरचं आकाश आडव्या पट्ट्यांत खालून वर विंचरत होतो. पद्धतशीर, संथ, पट्टे एकमेकांवर थोडे चढवत. आमच्या पद्धतीत खोट नव्हती. खोट तिच्या मुळाशी होती, आणि पद्धत जितकी नेटकी तितका तिच्यावरचा विश्वास वाढत गेला.

ताई आमच्यापासून काही पावलं दूर उभ्या होत्या. त्यांना झाड नीट ओळखू आलं नव्हतं, आणि पुन्हा विचारायला त्यांना संकोच वाटला. म्हणून त्या डोळ्यांना बरं वाटेल तिथे बघत होत्या. सूर्योदयाला ४० मिनिटांच्या आसपास वेळ असेल. त्या हळूच म्हणाल्या, “इकडे उजवीकडे एक पुसट उभा पट्टा आहे. असू शकेल का?”

मी द्विनेत्री डोळ्यांवरून काढलीही नाही. “उजवीकडे नाही येणार तो ताई, झाडावर बघा. ढगाचा तुकडा असेल.”

“हं,” त्या म्हणाल्या, आणि वही काढून खाली बसल्या.

काकांनी एकदा त्या बाजूला नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि परत वळले. आदल्या दिवशीचा चटका ताजा होता. गजर वाजला. काकांनी वहीत लिहिलं: “आकाश निरभ्र. शोध पूर्ण. धूमकेतू दिसला नाही.” आणि परतीच्या वाटेवर आम्ही दोघं अनुभवी माणसं अगदी गंभीरपणे बोलत होतो की सेकानिनांचं भाकीत खरं ठरलं असावं, सूर्याजवळून जाताना तो फुटला असावा.

टेबलावरचा दिवस

३० तारखेला आम्ही गेलो नाही. त्या दिवशी दूरदूरच्या निरीक्षकांची ताजी छायाचित्रं पाहिली. धूमकेतू धडधाकट होता. मग चूक आमच्याकडेच होती, आणि ती कुठे आहे हे शोधणं भाग होतं. मी वर मांडलेला हिशेब त्या दुपारी पहिल्यांदा एका कागदावर उतरला: डावीकडे सूर्योदयाला उरलेली मिनिटं, त्यापुढे धूमकेतूची उंची, सूर्य किती अंश खाली, हवेतली घट. कागद पूर्ण झाला आणि पहिल्या पहाटेचं कोडं सुटलं. तिसऱ्या पहाटेचं सुटेना, कारण वेळ बरोबर होती आणि आकाशही बरोबर होतं. उरली दिशा. मुलानं विचारलं, “फोन तुम्ही कुठे ठेवला होता?”

होकायंत्रावर विसंबायचंच नाही असं ठरलं. आकाशातली दिशा आकाशातूनच घ्यायची. नकाशा पसरला आणि एक सुंदर गोष्ट हाती आली. त्या दिवसांत पहाटे पूर्वेला दोन तारे जवळजवळ एकाच उंचीवर असत: डावीकडे सिंहेतली मघा, पहिल्या प्रतीच्या जवळची, उजवीकडे वासुकी तारकासमूहातला अल्फार्ड, दुसऱ्या प्रतीचा, नारिंगी, आजूबाजूला ठळक तारा नसल्यानं एकटा पडलेला. त्याच्या अरबी नावाचा अर्थही तोच, एकाकी. या दोघांमध्ये २३ अंशांचं अंतर. आणि १ ऑक्टोबरला धूमकेतू मघेपासून साडेबावीस अंशांवर, अल्फार्डपासून साडेचोवीस अंशांवर. जवळजवळ समभुज त्रिकोण, टोक खाली केलेला. दोन तारे शोधा, मधलं अंतर हातानं मोजा, तेवढंच खाली या. होकायंत्र नको, ॲप नको.

शिवाय त्या पहाटेला चंद्र मदतीला होता. अमावस्येला पावणेदोन दिवस उरलेले, जेमतेम तीन टक्के उजळलेली कोर. ती मघेच्या बरोबर खाली, क्षितिजालगत उगवणार होती, आणि धूमकेतू तिच्या उजवीकडे, मुठीपेक्षा थोडा जास्त अंतरावर, किंचित वर. इतकी बारीक कोर आकाश उजळवत नाही, आणि खूण म्हणून तिच्याइतकी पक्की वस्तू नाही.

बोलण्याबद्दलचा नियमही बदलला. तो बदल ताईंनी सुचवला. त्या म्हणाल्या, “गप्प बसायचं असेल तर बसू, पण दिसलं ते आधी लिहून ठेवू. प्रत्येकानं आपापल्या कागदावर, वेळेसकट. मग एकमेकांना दाखवू.” आम्हाला ते लगेच पटलं. त्या हे का सुचवत आहेत, हे मात्र आम्ही विचारलं नाही.

१ ऑक्टोबर

सूर्योदयाआधी ७० मिनिटांना मघा आणि अल्फार्ड ठळक दिसत होते. ६५ ला कोर दिसली, तांबूस, तिच्या अंधाऱ्या भागावर पृथ्वीचा परावर्तित उजेड. आम्ही चौघे वेगवेगळे उभे राहिलो, प्रत्येकाच्या हातात कागद.

मी त्रिकोणाच्या खालच्या टोकाशी द्विनेत्री नेली आणि तिथेच धरून ठेवली. विंचरायचं नाही, वाट बघायची. वस्तू आपणहून हवेतून वर येईल. हात थरथरू नयेत म्हणून कोपरं गाडीच्या टपावर टेकवली होती. सूर्योदयाआधी ५४ मिनिटांना क्षेत्राच्या तळाशी एक ठिपका आला, ताऱ्यापेक्षा मऊ कडा असलेला. नजर जरा बाजूला वळवली. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग मंद उजेडाला कमी दाद देतो, त्याच्या भोवतालचा भाग जास्त, म्हणून पुसट वस्तू तिरक्या नजरेनं बघायची असते. तशी नजर वळवताच ठिपक्यातून वर निघालेली शेपटी उलगडली. सरळ वर नव्हे, किंचित उजवीकडे झुकलेली. सूर्य खाली डावीकडे होता, आणि शेपटी त्याच्याकडे पाठ करून उभी होती, जशी असायला हवी तशीच.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी वेळ लिहिली.

४६ मिनिटांना तो नुसत्या डोळ्यांनी दिसला, जागा ठाऊक होती म्हणूनच. पांढरट पेन्सिलीनं एकदाच ओढल्यासारखी रेघ. मुलानं दोन-दोन सेकंदांची छायाचित्रं घेतली. द्विनेत्रीत शेपटी क्षेत्राच्या एक-तृतीयांशाहून लांब भरत होती. त्या क्षणी तो आमच्यापासून साडेअकरा कोटी किलोमीटरांवर होता; आम्ही पाहत होतो तो उजेड सहा मिनिटांहून थोडा जुना होता. काका एकदा द्विनेत्रीतून बघत, एकदा नुसत्या डोळ्यांनी, पुन्हा द्विनेत्रीतून. २७ मिनिटांपर्यंत तो द्विनेत्रीत टिकला, मग केशरी उजेडात हळूहळू विरला.

मग कागद समोरासमोर ठेवले. चौघांची जागा जुळली, शेपटीचा कल जुळला. वेळा थोड्या मागेपुढे: ताईंची सर्वांत आधीची, ५७ मिनिटं. मोठ्या एक्झिट प्युपिलमुळे, म्हणजे डोळ्याच्या बाजूनं बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या रुंद झोतामुळे, ७ गुणिले ५० मध्ये पसरट, पुसट वस्तू सोपी जाते, आणि सातपट मोठेपणात हाताची थरथरही कमी जाणवते, असं काकांनी समजावून सांगितलं. ते बरोबर आहे. पण त्यांची नजर ताज्या डोळ्यांची आहे, हेही मला त्या दिवशी दिसलं.

त्यानंतर पहाटेची संधी झपाट्यानं आटत गेली. ४ ऑक्टोबरला धूमकेतू सूर्यापासून १७ अंशांवर आला होता, आणि पुढच्या काही दिवसांत तो सूर्याच्या तेजात शिरला. १२ ऑक्टोबरला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, साधारण ७ कोटी किलोमीटरांवर, आणि तोवर संध्याकाळच्या पश्चिमेला दिसू लागला होता. तिथे त्याला बघणं फार सोपं होतं. रोज थोडा वर, रोज थोडा जास्त वेळ. ज्यांनी एकही पहाट मोडली नव्हती अशा कित्येकांनी तो आरामात पाहिला, आणि आम्हाला त्याचा आनंदच झाला.

ताईंची चित्रं

ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही सगळ्या नोंदी एकत्र करायला बसलो. ताईंनी आपली वही पुढे केली. १ ऑक्टोबरचं पान काढताना मागचं पान उलटलं गेलं. त्यावर २९ सप्टेंबरची तारीख होती.

दोन चित्रं होती. पहिल्याखाली लिहिलेलं: “४१ मिनिटं.” वर दोन ठिपके, डावीकडचा मोठा, उजवीकडचा लहान, त्याच्या बाजूला “नारिंगी?” असा शब्द. खाली क्षितिजाची रेघ, आणि दोन ठिपक्यांच्या मधोमध खाली एक छोटी उभी रेघ, वर फाकलेली, उजवीकडे कललेली. दुसऱ्या चित्राखाली “३३ मिनिटं.” तीच आकृती, पण क्षितिजाच्या रेघेपासून सगळीच वर उचललेली.

काकांनी पट्टी मागितली. दोन्ही चित्रांत ठिपक्या-ठिपक्यांमधलं आणि रेघेच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजलं. तिन्ही बाजू जवळपास सारख्या. २९ सप्टेंबरला मघा, अल्फार्ड आणि धूमकेतू यांच्यातली अंतरं २१ ते २३ अंशांच्या दरम्यान येतात, हे मुलानं लगेच काढून दाखवलं. ढगाचा तुकडा आठ मिनिटांत ताऱ्यांना धरून वर चढत नाही. तो सरकतो किंवा विरतो. विमानाचा पट्टा तर मुळीच नाही. ताईंनी त्या पहाटे ज्या दोन ताऱ्यांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती त्यांच्या आधारानं धूमकेतूची जागा अचूक नोंदवली होती. आम्ही दुसऱ्या दिवशी टेबलावर जो त्रिकोण शोधून काढला, तो त्यांच्या वहीत आधीच काढलेला होता.

“तुम्ही बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“बोलले होते,” त्या म्हणाल्या.

मला ते वाक्य आठवत होतं आणि माझं उत्तरही. त्या पहाटे मी जर नुसती मान वळवून तीच द्विनेत्री उजवीकडे २० अंश नेली असती, तर दोन दिवस आधी आम्हा चौघांनाही तो दिसला असता. काकांनी काहीच म्हटलं नाही. त्यांनी आमची मोठी वही ओढली, २९ सप्टेंबरचं पान उघडलं. “धूमकेतू दिसला नाही” ही ओळ त्यांनी खोडली नाही. निरीक्षणाच्या वहीत खोडाखोड करत नाहीत. तिच्याखाली नवी तारीख घालून त्यांनी लिहिलं: “दुरुस्ती. २९ सप्टेंबरला धूमकेतू दिसला. सूर्योदयाआधी ४१ मिनिटं, ७ गुणिले ५०, मघा व अल्फार्ड यांच्या खाली. चित्र सोबत.” मग पेन ताईंच्या हातात दिलं. त्यांनी निरीक्षकाच्या जागी सही केली आणि तिच्यापुढे स्वतःच्या अक्षरात दुसरी वेळही लिहिली, ३३ मिनिटं.